आजोबांचा दमा, आत्याची कावीळ आणि रक्ताची एक तपासणी

‘टेलोमरेज’ हा शब्द पाहून पान उलटू नका, मैत्रिणींनो. शब्द परका आहे, जिभेला अडखळवणाराही आहे. पण त्याच्यामागची गोष्ट अगदी घरातली आहे.

घरात कोण कशानं गेलं, कुणाचे केस कोणत्या वयात पिकले, कुणाला दमा होता, कुणाची कावीळ बरी होता होता उलटली, हे सगळं कुणाच्या लक्षात असतं? पुरुषमंडळींना विचारून बघा. ‘‘अण्णा ना? आजारीच होते बरेच दिवस,’’ याच्या पलीकडे त्यांची गाडी जात नाही. आपण मात्र सासरच्या तीन पिढ्यांचं सांगू, तेही श्राद्धाच्या तिथीसकट! या माहितीला आजवर सगळे ‘बायकांच्या गप्पा’ म्हणत आले. आता रक्ताच्या कर्करोगावर उपचार करणारे डॉक्टर समोर कागद घेऊन नेमकं हेच विचारू लागले आहेत, आणि त्यावरून पुढची एक तपासणी करायची की नाही ते ठरतं. त्या तपासणीबद्दल आज लिहायचं आहे.

मी काही शास्त्राची पदवीधर नाही. बी. ए. झालेली, इथे संगमनेरला शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवणारी, उरलेला वेळ घरात असणारी बाई. पण आमच्या ओळखीच्या एका घरात हा आजार आला आणि त्या घरच्या वहिनी दवाखान्याचे कागद घेऊन माझ्याकडे आल्या. ‘‘तुम्ही शिक्षिका ना? मग एवढं वाचून सांगा की!’’ मग काय, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना हाताशी धरलं, पुस्तकं धुंडाळली. त्यातून जे नीट उमगलं तेवढंच तुमच्यापुढे ठेवते आहे.

रक्ताचा कारखाना

आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मगज असतो. पुस्तकी भाषेत अस्थिमज्जा. रक्त तयार होतं ते तिथे. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि त्या प्लेटलेट्स. डेंग्यूच्या साथींमुळे हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मगजातल्या थोड्या मूळ पेशी जन्मभर हे काम करत राहतात. एका दिवसात किती तांबड्या पेशी होतात ठाऊक आहे? सुमारे वीस हजार कोटी! आपण चहा टाकतो, डबे भरतो, तेवढ्या वेळात आत कोट्यवधींचं उत्पादन होऊन गेलेलं असतं.

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. यात एखादी पेशी बिघडते आणि अर्धवट वाढलेल्या, निरुपयोगी पेशींची पिलावळ मगजात माजते. चांगल्या पेशींना जागा उरत नाही. मग माणूस थकतो, पांढराफटक पडतो, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, काही न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात. पुष्कळदा हे ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकवर निभावलं जातं.

या आजारामुळे महाराष्ट्रात फार मोठं काम उभं राहिलं, ते टाटांच्या घरातून. सर दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई मोठ्या हिकमती बाई. साडी नेसून टेनिस खेळायच्या. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचं नाव होतं. बालविवाहाला आळा घालणाऱ्या कायद्यासाठी त्यांनी बोलणी केली, भाषणं दिली. २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा त्यांच्याकडे होता. १९२४ मध्ये पोलादाचा कारखाना बुडायची वेळ आली, तेव्हा दोराबजींनी आपल्या मालमत्तेबरोबर बायकोचे दागिनेही बँकेकडे तारण ठेवले. (अंगावरचं सोनं गहाण पडताना काय वाटतं ते आपल्याला सांगायला नको, हिरा तेवढा मोठा, एवढाच फरक.) या मेहेरबाई १९३१ साली, अवघ्या ५१व्या वर्षी ल्युकेमियानं गेल्या. पैशाला तोटा नव्हता, पण तेव्हा जगात कुठेच या आजारावर चालणारं औषध नव्हतं. पुढच्याच वर्षी दोराबजींनी ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापला. तो आजही ल्युकेमियाच्या संशोधनाला जगभर मदत करतो. दोराबजी त्याच वर्षी वारले. त्यांच्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. आपल्याकडच्या किती घरांनी त्या रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवल्या असतील!

मेहेरबाईंच्या वेळी ‘हा आजार यांनाच का झाला?’ हे विचारायचं साधनच नव्हतं. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत त्याचं उत्तर आजही ‘कारण सापडत नाही’ असंच येतं. पण काही थोड्या घरांत उत्तर सापडू लागलंय, आणि ते सापडलं की उपचार बदलतात.

साडीचा पिको

नवी साडी आणली की आपलं पहिलं काम कोणतं? फॉल-पिको. पिको न करता साडी नेसली, धुतली, की धुण्यागणिक कडेचे धागे सुटतात, दशा निघतात. आधी नुसत्या दशा, मग वीण उसवते, आणि पुढे काठापर्यंत जाते.

आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून. गुणसूत्र म्हणजे गुंडाळलेला लांबच लांब धागाच, आणि त्यावर ओळीनं जनुकं. या प्रत्येक धाग्याच्या दोन्ही टोकांना निसर्गानं पिको करून ठेवलाय, त्याला ‘टेलोमिअर’ म्हणतात. तिथे त्याच त्या सहा रासायनिक अक्षरांचा ठेका शेकडो-हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतो. पेशी दुभंगून एकीच्या दोन झाल्या की हा पिको किंचित झिजतो. फारच झिजला की पेशी पुढे दुभंगत नाही. थांबते किंवा मरते.

मग ज्या मगजात रोज एवढा कारखाना चालतो, तिथला पिको तर चार दिवसांत संपायला हवा! तसा तो संपत नाही, कारण मूळ पेशींत एक विकर झिजलेला पिको थोडा थोडा पुन्हा घालत असतं. हेच ते टेलोमरेज. त्याचे मुख्य भाग दोन: शिवणारा हात आणि समोर ठेवलेला नमुना. हाताच्या जनुकाला शास्त्रज्ञ ‘टर्ट’ म्हणतात, नमुन्याच्या जनुकाला ‘टर्क’. नावं लक्षात ठेवायला हवीत असं नाही; पण तपासणीच्या कागदावर ती दिसली तर घाबरू नका, एवढ्यासाठी सांगितली.

हे टेलोमरेज शोधलं कुणी? दोन बायकांनी! ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न कॅलिफोर्नियात प्राध्यापक होत्या आणि कॅरोल ग्रायडर त्यांच्या विद्यार्थिनी. डबक्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवावर त्यांचा अभ्यास चालला होता. १९८४ च्या नाताळच्या दिवशी, सगळं गाव सणात दंग असताना, २३ वर्षांची कॅरोल प्रयोगशाळेत निकाल बघायला गेली आणि तिला या विकराची पहिली खूण दिसली. २००९ साली या दोघींना जॅक शोस्टाक यांच्यासह नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल एकाच वर्षी दोन बायकांना मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि पहाटे नोबेलचा फोन आला तेव्हा ग्रायडरबाई काय करत होत्या? धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या! हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या दोरीवरच्या कपड्यांचा जरासुद्धा कंटाळा आला नाही.

या धाग्याचं एक टोक आपल्या मराठी मुलखातही येतं. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल समर्थ म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे. एम. एस्‌सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला, आणि मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगावर १९४९ साली पीएच. डी. मिळवली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचपात्रात वाढवायचं तंत्र शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या बाई गेल्या, पण पेशी अजून वाढताहेत. त्याच पेशींमध्ये १९८९ साली माणसातलं टेलोमरेज पहिल्यांदा सापडलं. रणदिवेबाईंनी मुंबईला परतून आपल्या देशातली पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, ल्युकेमियावर आणि स्तनाच्या कर्करोगावर काम केलं, आणि कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असतो हे लवकर ओळखलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. नंतर याच बाई आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरात, आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात ‘सत्यनिकेतन’ संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत हिंडल्या. आमच्या शाळेतल्या मुलींना मी हे सांगते तेव्हा त्यांना ‘बाल्टिमोर’पेक्षा ‘अकोले’ ऐकून जास्त नवल वाटतं.

पिको उसवला की

आता समजा, टेलोमरेजच्या जनुकात जन्मतःच एखादं अक्षर चुकलेलं आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक चुकीची असली तरी दुसरी काम करते, पण विकर कमी पडतं. शिवणारा हात एकटा, आणि साड्यांचा ढीग! माणूस जन्मतो धडधाकट, पण ज्या अवयवांना पेशींची सतत भर लागते तिथे कालांतरानं उसवायला सुरुवात होते.

मगजात तसं झालं तर रक्त कमी पडतं. फुप्फुसात झालं तर आत व्रण धरतात, फुप्फुस घट्ट होतं, कोरडा खोकला आणि दम लागतो. घरात त्याला ‘दमा’ म्हणतात. यकृतात झालं तर ते कठीण होतं, आणि दारूचा थेंबही न घेतलेल्या बाईला लोक नाही नाही ते बोलतात. तिशीच्या आतच डोकं पांढरं होणं, नखं फाटणं, मानेवर जाळीसारखे काळसर डाग, तोंडात पांढरे चट्टे, या बाहेरून दिसणाऱ्या खुणा. सगळ्यांत सगळ्या दिसत नाहीत. एकाला केस, दुसऱ्याला फुप्फुस, तिसऱ्याला रक्त, म्हणून तर हा एकच आजार आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय मुलाला नुसतं चुकलेलं जनुक मिळत नाही, आईवडिलांचा झिजलेला आखूड पिकोही वारशात मिळतो. त्यामुळे पुढच्या पिढीत तेच दुखणं लवकर डोकं वर काढू शकतं.

इथे माझ्या मनात एक शंका आली होती, तुमच्याही येईल. पिको संपला तर पेशी मरतील. मग कर्करोग, म्हणजे पेशींचा बेसुमार सुळसुळाट, कुठून आला? विज्ञानाच्या बाईंनी समजावलं ते असं. टोकं उघडी पडली की गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, तुटतात, भलतीकडेच जोडली जातात. मगजातल्या भल्या पेशी थकून बसलेल्या असतात. अशा ओसाड घरात एखादी बिघडलेली पेशी तगली, तर तिला मोकळं रानच मिळतं. आणि गंमत, म्हणजे गंमत तरी कसली, बहुतेक कर्करोगांच्या पेशी पुढे स्वतःसाठी तेच टेलोमरेज पुन्हा चालू करून घेतात. गरजेच्या वेळी कमी पडणारं विकर चोराच्या हाती लागतं!

मोठ्या माणसांत हे घडतं याचा उलगडा तसा अलीकडचा. २००५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना रक्त कमी पडणाऱ्या प्रौढ रुग्णांत टेलोमरेजच्या जनुकातले बदल सापडले आणि २००९ मध्ये मायलॉइड जातीच्या तीव्र ल्युकेमियाच्या काही रुग्णांतही. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ‘जन्मजात प्रवृत्तीतून येणारे रक्ताचे कर्करोग’ असा वेगळा गटच झाला. प्रौढांमधल्या या जातीच्या ल्युकेमियात शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांत अशी कोणती तरी जन्मजात प्रवृत्ती असते, असं समजतात. त्यातही टेलोमरेजचा वाटा लहानच. म्हणजे हा आजार ‘घराण्यात चालतो’ असं सरसकट कुणी समजू नये.

वहिनींचं घर

आता त्या वहिनींबद्दल. नावगाव सांगत नाही. यजमान त्रेचाळीस वर्षांचे, दुकान सांभाळणारे. बाविशीतच डोकं पांढरं झालेलं. ‘आमच्या घराण्यात केस लवकर पिकतात’ असं कौतुकानं सांगायचे सगळे. तीन-चार वर्षं रक्त कमी, प्लेटलेट्स कमी, गोळ्या चालू, आणि एके दिवशी तीव्र ल्युकेमिया निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘घरात कुणाला रक्ताचा, फुप्फुसाचा, यकृताचा आजार?’’ यजमान म्हणाले, ‘‘नाही.’’ भाऊ म्हणाले, ‘‘नाही.’’ वहिनी मागे पिशवी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मामंजी दम्यानं गेले, डॉक्टर. अठ्ठावन्नाव्या वर्षी. कोरडा खोकला असायचा आणि पंप घेऊन काही फरक पडायचा नाही. त्यांच्या बहिणीला, म्हणजे यांच्या आत्याला, कावीळ झाली होती. पोटात पाणी झालं होतं त्यांच्या.’’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं म्हणे, आणि त्यांना खुर्ची दिली.

तपासणी झाली ती रक्तावर नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा. ल्युकेमियाच्या रुग्णाच्या रक्तात बिघडलेल्या पेशींची गर्दी असते आणि त्यांच्या जनुकांत आजारामुळे नवेच घोटाळे झालेले असतात. लाळेतही रक्ताच्या पेशी मिसळलेल्या असतात. जन्मापासूनचं काय आणि आजारात झालेलं काय, हे वेगळं कळावं म्हणून कातडीचा तांदळाएवढा तुकडा, ती जागा बधिर करून घेतात, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि मग जनुकं वाचतात. पेशी वाढायलाच काही आठवडे जातात, तेव्हा ‘रिपोर्ट अजून कसा नाही’ म्हणून जीव टांगणीला लावू नये. ल्युकेमियाचे पहिले उपचार त्यासाठी थांबवत नाहीत. निरोगी नातेवाइकांची तपासणी मात्र साध्या रक्तावर होते. टेलोमिअरची लांबी मोजायची एक निराळी तपासणीही आहे, तीही रक्तावर. तीत तुमची लांबी तुमच्याच वयाच्या निरोगी माणसांशी ताडून बघतात.

यजमानांच्या जनुकात बदल निघाला. मगज बदलायचा, म्हणजे दुसऱ्याच्या मूळ पेशी द्यायच्या असं ठरत होतं. भाऊजींचा मगज पूर्ण जुळला. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक, तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते. डॉक्टर म्हणाले, ‘‘थांबा. आधी यांचंही जनुक बघू.’’

हे का, ते सांगते. आपल्या देशातलं पहिलं यशस्वी मगजरोपण १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. रुग्ण ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि देणारा तिचा भाऊ. (डॉक्टर स्वतः लहानपणच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर.) तेव्हापासून दाता म्हणजे आधी भाऊ-बहीण, हे आपल्या मनात पक्कं बसलंय आणि ते योग्यच आहे. पण आजाराचं मूळ जनुकात असेल तर तोच बदल भावंडांत असण्याची शक्यता निम्मी असते. वरून ठणठणीत दिसणाऱ्या अशा भावाच्या मूळ पेशी निघतातच कमी, किंवा दुसऱ्याच्या अंगात गेल्यावर नीट रुजत नाहीत. म्हणजे एवढा खर्च, एवढं हाल सोसून उसवलेलीच साडी अंगावर यायची! दुसरं असं, की रोपणाआधी द्यायची औषधं आणि किरण फार प्रखर असतात. टेलोमिअरचा दोष असलेल्या रुग्णाचं फुप्फुस आणि यकृत ती सोसत नाही. म्हणून आधी कळलं तर डॉक्टर सौम्य पद्धत निवडतात. तपासणीचा खरा उपयोग हा आहे.

भाऊजींमध्ये तोच बदल निघाला. चाळिशी गाठलेला, तालमीत जाणारा माणूस! राहिल्या वन्सं. त्या दिल्या घरी दुसऱ्या गावात. त्यांची तपासणी चांगली आली, मगजही जुळला. पण सासूबाई म्हणाल्या, ‘‘माझी सून दोन लेकरांची आई. हाडातला मगज काढल्यावर ती उभी राहील का?’’ सासूबाईंना नावं ठेवू नका, ही भीती घरोघर असते. खरं असं, की आता बहुतेक वेळा हाडाला हातच लावत नाहीत. चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्यानं मूळ पेशी रक्तात उतरतात, आणि हातातून रक्त काढून यंत्रातून त्या पेशी वेगळ्या करून बाकीचं रक्त परत देतात. अंग दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं. दिलेली भर शरीर काही आठवड्यांत काढतं. हे सगळं वन्संच्या यजमानांनी स्वतः डॉक्टरांना विचारलं आणि आईला समजावलं. वन्संनी दिलं. गेल्या दिवाळीत वहिनींचे यजमान दारात आकाशकंदील लावताना मला दिसले. खंगलेत, तपासण्या चालू आहेत, डॉक्टर अजून ‘बरे झाले’ हा शब्द वापरत नाहीत. भाऊजींनी तंबाखू सोडली. ते ठरल्या दिवशी रक्त तपासून येतात.

कुणाच्या माहेरचं?

आजारापेक्षा वहिनींच्या सासूबाईंना लागलं ते वेगळंच. रिपोर्टची बातमी नात्यात फुटली आणि दोन-तीन तोंडांतून एकच वाक्य आलं, ‘‘हे त्यांच्या माहेरचं असणार.’’ बाईचं वय सत्तरीचं, नवरा गेलेला, मुलगा दवाखान्यात, आणि ऐकायचं काय तर हे! वहिनी सांगत होत्या तेव्हा मला संताप आवरेना. अहो, दम्यानं गेले ते मामंजी, काविळीनं गेली ती त्यांची सख्खी बहीण. मूळ कुठे होतं ते लहान पोरालाही कळेल. आणि समजा माहेरकडून आलं असतं, तरी? हे जनुक आईकडून येऊ शकतं तसंच वडिलांकडूनही. मुलाला मिळतं तसंच मुलीलाही. दर अपत्याला नाणेफेकीसारखी निम्मी शक्यता. यात कुणाचा गुन्हा नाही, पाप नाही, नवस चुकलेला नाही. ज्याला मिळालं त्यालाही आजार होईलच असं नाही.

भाऊजींची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. स्थळं बघणं चाललंय, म्हणून भाऊजींचा रिपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली गेलाय. मुलीला काहीच सांगितलेलं नाही. वहिनींनी मला विचारलं, ‘‘सांगायला हवं का हो?’’ माझं मत मी स्पष्ट सांगितलं: हवं. लग्न जमवणाऱ्यांना नंतर. आधी त्या मुलीला. ती सज्ञान आहे. स्वतःची तपासणी करायची की नुसती वर्षाला रक्ताची मोजणी करत राहायची, हे तिनं जनुकांच्या सल्लागारांशी बोलून ठरवायचं. बदल नाही असं निघालं तर तिच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं, तिच्या मुलांचंही. निघाला, तर बाळंतपणात रक्त कमी झालं तेव्हा डॉक्टर ते नुसतं लोहाच्या गोळ्यांवर सोडणार नाहीत. छत्तीस गुण जुळवताना ज्यांना रास-नाडी विचारायला लाज वाटत नाही, त्यांच्यापुढे या एका कागदाची एवढी लाज का वाटावी? वहिनी म्हणाल्या, ‘‘तुम्ही म्हणता ते पटतं, पण जाऊबाईंना कोण सांगणार?’’ रिपोर्ट अजून साड्यांखालीच आहे.

लवकर पांढरे केस दिसले की मात्र लगेच या आजाराचं भूत डोक्यात घेऊ नका. नुसते केस पिकणं हे बहुतेक घरांत निरुपद्रवी असतं. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानंही होतं. केसांबरोबर घरात रक्त कमी राहणारं, फुप्फुस घट्ट झालेलं, दारूशिवाय यकृत बिघडलेलं कुणी असेल, तर बोलायचं. आणि ‘टेलोमिअर वाढवा, तरुण व्हा’ अशा गोळ्यांच्या जाहिराती येतात, त्यांना एक पैसाही देऊ नका. औषध म्हणाल तर डॅनाझोल या जुन्या औषधावर अमेरिकेत २७ रुग्णांत प्रयोग झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि तपासलेल्या बहुतेकांचे टेलोमिअर लांबले, रक्तही सुधारलं. हे औषध आपल्यातल्या काहींना गर्भाशयाच्या दुखण्यासाठी दिलेलं आठवत असेल. पुरुषी संप्रेरकाच्या जातीचं, बायकांना मिशा फुटतात, आवाज घोगरा होतो, यकृतावरही ताण येतो. तेही रक्त कमी पडतं त्या टप्प्यावरचं, ल्युकेमियावरचं नव्हे. मनानं घ्यायचं तर नाहीच.

तुमच्या हातातलं काम सोपं आहे. लग्नसराईत सगळे जमतात तेव्हा शंभर पानी वहीचं एक पान घ्या. मधोमध मुलांची नावं, वर डावीकडे सासर, उजवीकडे माहेर, आजी-आजोबांपर्यंत. माहेर वगळू नका; मुलांमध्ये तेही निम्मं आहे. प्रत्येक नावापुढे कोणत्या वयात काय झालं, कोणत्या वयात गेले. ‘दमा’ लिहिलात तर पुढे विचारून लिहा: पंपानं आराम पडायचा का? खोकला कोरडा होता का? ‘कावीळ’ लिहिलीत तर: पोटात पाणी झालं होतं का? केस कधी पिकले हे लिहायला विसरू नका. जुन्या लग्नाच्या फोटोत ते दिसतं. थोरल्या चुलत सासूबाईंना आधी विचारा, त्यांना सगळं आठवतं, आणि त्या आहेत तोवर विचारा.

आणि जुने रक्ताचे रिपोर्ट रद्दीत घालू नका. पाच वर्षांपूर्वी प्लेटलेट्स किती होत्या, हे डॉक्टरांना आजच्या आकड्याइतकंच हवं असतं. एका फायलीत, तारीख वरच्या कोपऱ्यात दिसेल असे, जुने खाली आणि नवे वर लावा. वहीचं पान त्याच फायलीत सगळ्यांत वर ठेवा, म्हणजे घाईत ॲम्ब्युलन्स असो की पुण्या-नाशिकची एस. टी., एकच पिशवी उचलावी लागेल.